सॉल्स्टिसला मराठीत काय म्हणायचं? (संक्रांत लिहिलं तर आजोबा चिडले)

गुहागरची_लेक
मंडळी, अडचण आहे आणि जरा घाई पण आहे. आमचं गुहागरजवळ छोटं होमस्टे आहे, चार खोल्या, पुढे पडवी, मागे वाडी. पुण्याच्या एक योगवाल्या बाई २१ डिसेंबरला वीस माणसं घेऊन येतायत, "विंटर सॉल्स्टिस रिट्रीट" म्हणून. वर्षातली सगळ्यात मोठी रात्र, त्या दिवशी शरीराला विश्रांती द्यायची, मनाला नवं करायचं अशी कल्पना. बॅनर मराठीत हवाय आणि तो मी करायचाय कारण मी बीए मराठी!! मी लिहिलं "हिवाळी संक्रांत : विश्रांती आणि नूतनीकरण". आजोबांनी पडवीतूनच वाचलं आणि म्हणाले संक्रांत डिसेंबरात कधी झाली, आणि नूतनीकरण कशाचं गो, लायसनचं? आता सांगा, सॉल्स्टिसला आपला शब्द काय? आणि रिट्रीटला?

सायन_पक्ष
अयनदिन. शाळेच्या भूगोलात आहे, विषुवदिन आणि अयनदिन. विषय संपला.

पडवीवरून
विषय इतक्यात कसा संपेल. अयनदिन बरोबर आहे पण तो पेपरातला शब्द झाला, पाच मार्कांचा. कोणी कोणाला "काय हो, अयनदिनाला कुठे जाणार" असं विचारलंय का आजवर?

गुहागरची_लेक
तेच ना. बॅनरवर अयनदिन लिहिला तर लोक विचारतील हा कुठल्या महाराजांचा दिन.

कलमवाला
उत्तरायण लिहा की सरळ. सगळ्यांना कळतं. भीष्म शरपंजरी पडून कशाची वाट बघत होता, त्याचीच.

सायन_पक्ष
उत्तरायण हा दिवस नाही हो, सहा महिने आहेत ते. अयन म्हणजे जाणं, चाल. सूर्याची उत्तरेकडची अख्खी चाल म्हणजे उत्तरायण. एका दिवसाला उत्तरायण म्हणणं म्हणजे एकट्या चिपळूण स्टेशनला कोकण रेल्वे म्हणण्यासारखं आहे. म्हणायचंच तर उत्तरायणारंभ म्हणा.

कलमवाला
गुजरातेत पतंग उडवतात त्या दिवसालाच उत्तरायण म्हणतात, तिथे कोणाची रेल्वे चुकत नाही. लोक बोलतात तो शब्द.

सायन_पक्ष
आणि तो दिवस १४ जानेवारीचा असतो, म्हणजे डबल चूक. सूर्य २१-२२ डिसेंबरलाच वळतो. संक्रांत आणि अयन कधीकाळी एकत्र होते, दीड हजार वर्षांपेक्षा जास्त झाली त्याला. पृथ्वीचा आस हळूहळू डोलतो म्हणून दर ७१-७२ वर्षांनी एक दिवस फरक पडत जातो, तो साचत साचत आता तीन आठवड्यांच्या वर गेलाय. यावर आपल्याच कोकणातल्या माणसाने आयुष्य वेचलंय, शंकर बाळकृष्ण दीक्षित, दापोलीकडच्या मुरुडचे, जन्म १८५३. सायन पंचांगाचा, म्हणजे सूर्य प्रत्यक्ष वळतो त्यावरून मोजणाऱ्या पंचांगाचा, आग्रह धरणाऱ्यांत ते होते. म्हणजे ऋतू आणि सण यांची फारकत होऊ नये हा मुद्दा. त्या हिशेबाने बघाल तर ताईंची "हिवाळी संक्रांत" चूक नाहीच मुळी, सायन मकरसंक्रांत डिसेंबरातच होते! आजोबांना सांगा.

गुहागरची_लेक
सांगितलं. आजोबा म्हणाले आमच्याकडे टिळक पंचांग आहे, संक्रांत १० जानेवारीला, त्या मुरुडच्या माणसाला सांग. 😄

देवगडकरीण
अय्या तुमच्याकडे पण का! माझं माहेर टिळक पंचांगवालं आणि सासर साध्या पंचांगाचं. लग्नानंतर पहिल्या वर्षी १० तारखेला आईने तिळगूळ पाठवला तर सासूबाई म्हणाल्या एवढी कसली घाई, तुझी आई नेहमी अशीच का. म्हणजे आता २२ डिसेंबर, १० जानेवारी आणि १४ किंवा १५ जानेवारी, एका सूर्याच्या तीन संक्रांती. आणि वर "माझ्यावर संक्रांत आली" म्हणजे वाईटच झालं. बॅनरवर संक्रांत अजिबात नको बाई, वीस माणसं पैसे भरून येणार आणि वर लिहिलेलं असणार संक्रांत.

पडवीवरून
हे बाकी खरं. शुभ सण आणि वाईट अर्थ दोन्ही एकाच शब्दात वागवतो आपण.

मी मूळ शब्दाकडे वळतो. सॉल्स्टिस लॅटिनमधून आलाय, सोल म्हणजे सूर्य आणि पुढे थांबणे या अर्थाचं क्रियापद. म्हणजे त्यांनी "थांबला" हे पकडलं आणि आपण अयन म्हणजे "चालला" हे पकडलं. आणि थांबतो हे मी स्वतः बघितलेलं आहे. आमच्या पडवीतून समुद्र दिसतो, गेली अकरा वर्षं रिटायर झाल्यापासून संध्याकाळी तिथेच असतो. पावसाळा संपला की सूर्य बुडायची जागा रोज डावीकडे, म्हणजे गोव्याच्या अंगाला सरकत जाते. ऑक्टोबरात चांगली दिसण्याइतकी सरकते, रोज जवळजवळ सूर्याच्या स्वतःच्या रुंदीएवढी. मग नोव्हेंबरात चाल मंदावते. आणि डिसेंबरच्या मध्यापासून वर्षअखेरपर्यंत तो एका ठराविक वाकड्या माडाच्या मागेच बुडतो, पंधरा वीस दिवस तोच माड! मग जानेवारीत निघतो परत उजवीकडे मुंबईच्या दिशेने. सौ. म्हणते चाकरमानी सुट्टी संपवून चालला. तर माझा शब्द : सूर्यथांबा.

एसटीप्रेमी
सूर्यथांबा 😂 विनंती थांबा की जलद गाडीचा?

पडवीवरून
हसा. सावरकरांनी दिनांक आणि महापौर दिले तेव्हाही लोक हसलेच असतील, आणि इथे रत्नागिरीत राहूनच भाषाशुद्धीचं काम केलं त्यांनी. आज दिनांक लिहिल्याशिवाय तुमचा एक अर्ज जात नाही.

एसटीप्रेमी
दिनांक चालला कारण तारीख लिहायला रोज लागते. सॉल्स्टिस वर्षातून दोनदा लागतो आणि तोही गुहागरला. जो शब्द लोकांच्या कामाचाच नाही त्याला मराठी करत बसू नका, सरळ सॉल्स्टिस लिहा देवनागरीत. होमस्टे मराठीत लिहिलात का तुम्ही? मग.

सायन_पक्ष
याच न्यायाने उद्या सूर्य पण सन होईल.

कलमवाला
एक शंका आहे. आमची आजी म्हणायची संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो. पण मी पहाटे आंब्याच्या कलमात जातो फवारणीला, जानेवारीत उलट अंधार वाढलेला असतो, डिसेंबरापेक्षा. कोण खोटं?

पडवीवरून
कोणीच नाही. आपल्या रत्नागिरीच्या आसपास २१ डिसेंबरला उजाडतं साधारण सात वाजून दोन-तीन मिनिटांनी आणि संक्रांतीला सात दहाला. म्हणजे सकाळ अजून उशिराच होत असते. पण संध्याकाळ नोव्हेंबरच्या शेवटापासूनच लांबायला लागलेली असते, तेव्हा सहाला बुडणारा सूर्य संक्रांतीला साडेसहाच्या जवळ येतो. बेरीज केली की सगळ्यात लहान दिवस २१-२२ डिसेंबरलाच, सुमारे अकरा तासांचा. घड्याळाची दुपार आणि सूर्याची दुपार जुळत नाही त्याचा हा घोळ. आजीकडे घड्याळ नव्हतं, ती संध्याकाळ बघत असणार.

देवगडकरीण
पहाटेवरून आठवलं, आमच्याकडे या दिवसांना झुंझुरमास म्हणतात. सूर्य उगवायच्या वेळी जेवायचं, मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, भरीत. रात्र मोठी म्हणून भूक लवकर लागते. मला वाटतं झुंजूमुंजू झालं म्हणतो ना, उजाडायच्या आधीचं, त्यावरूनच झुंझुरमास. बॅनरवर हाच टाका ना! खरं तर दिवसच पकडायचा तर याहून आपला शब्द कुठला?

सायन_पक्ष
नाही हो ताई. धनुर्मास, त्याचा धुंधुरमास, त्याचा झुंझुरमास. सूर्य धनु राशीत असतो तो महिना. झुंजूमुंजूचा काही संबंध नाही.

देवगडकरीण
धनुचा धुंधुर झाला हे चालतं आणि झुंजूचा झुंझुर झाला हे नाही? आम्ही पहाटे उठून खातो, राशीत जाऊन नाही.

सायन_पक्ष
बरं, लोकांनी झुंजूमुंजूच्या नादाने ध चा झ केला असेल, इथपर्यंत मी येतो. याच्या पुढे नाही.

खलाशी_हर्णै
मी कधी लिहीत नाय पण आता ऱ्हावत नाय. डिसेंबरात विश्रांती कोण घेतो कोकणात?? आमची बोट या दिवसांत पहाटे तीनला बाहेर. बंदरावर लिलावात उभं ऱ्हायला जागा नसते. कलमवाले मोहोर बघत झाडावर चढलेले, हॉटेलवाल्यांना जेवायला वेळ नाय. आमची विश्रांती जून-जुलै. बोटी वर ओढलेल्या, जाळी विणायची, इंजिन उघडायचं, बोटीला रंग. मग नारळी पुनवेला नारळ द्यायचा आणि दर्या नवा. विश्रांती आणि नवं होणं दोन्ही तेव्हा. हे जे डिसेंबरवालं आहे ते बर्फवाल्या देशातलं आहे, तिकडे शेत गोठतं म्हणून घरात बसतात.

पडवीवरून
वा. आणि गंमत बघा, २१ जूनला सूर्य दुसऱ्या टोकाला थांबतो, दक्षिणायन लागतं, मागोमाग आषाढीला देवसुद्धा झोपतात चार महिने. म्हणजे आपला थांबा तो. बाईंनी रिट्रीट सहा महिने उलटं धरलंय.

गुहागरची_लेक
काका, ॲडव्हान्स घेतलाय. जूनमध्ये या असं सांगू का आता.

एसटीप्रेमी
जूनमध्ये लाईट नसते, ती खरी मोठी रात्र.

कलमवाला
खलाशीभाऊंचं पटलं पण अर्धंच. माणूस दमतो डिसेंबरात, झाड नाही. हापूसला मोहोर यायचा तर आधी झाड थांबावं लागतं, ताण बसावा लागतो. पाऊस उघडला, थंडी पडली की वाढ थबकते, आणि मग मोहोर. ज्या वर्षी थंडी नाही त्या वर्षी थांबत नाही आणि मोहोराऐवजी पालवी फेकतं. म्हणून सांगतो, कोणीतरी आता "विसावा आणि पालवी" सुचवणार, गोड वाटतं म्हणून. आमच्याकडे डिसेंबरात पालवी आली म्हणजे वर्ष गेलं. नूतनीकरणाला मोहोर लिहा.

गुहागरची_लेक
मी खरंच "विसावा आणि पालवी" लिहून ठेवलं होतं. खोडलं.

तारकर्लीची
डिसेंबरात इसावो नाय म्हणता तर आचऱ्याची गावपळण खंय गेली? ती ह्याच दिवसांत असता. देवाचो कौल झालो की अख्खो गाव, गुरां-ढोरां, कोंबडे-कुत्रे घेऊन वेशीभायर. तीन दिस तीन रात्री झोपडे घालून ऱ्हवतत, घरांका कुलपा, गावात माणूस नाय. गाणी, भजना, जेवणा. मगे परत कौल घेवन घराक. माझी मावशी सांगता, परत इल्यावर आपलाच घर नवा दिसता. हेच्यापेक्षा मोठा रिट्रीट दाखवा माका.

पडवीवरून
हे मला सुचायला हवं होतं. रिट्रीटला शब्द मिळाला, पळण!

सायन_पक्ष
गावपळण भुताखेतांच्या समजुतीतून आहे, अयनाशी त्याचा संबंध नाही, तारीख कौलावर ठरते. उगाच जोडू नका. आणि रिट्रीटचा कोशातला अर्थ बघाल तर माघार.

तारकर्लीची
भुतांका पण तीन दिस घर मोकळा मिळता, तेंचो इसावो तो. 😀

एसटीप्रेमी
"हिवाळी माघार, गुहागर". पानिपत वाटतंय.

सायन_पक्ष
चेष्टा पुरे. सरकारी भारतीय सौर दिनदर्शिकेत २२ डिसेंबर म्हणजे १ पौष. राजपत्रावर ही तारीख छापतात. म्हणजे अयनदिन पाळायची सोय सरकारने केलेलीच आहे, आपण वापरत नाही. बॅनरवर "सौर पौष प्रारंभ" लिहा.

देवगडकरीण
पौषात लग्न पण ठरवत नाहीत हो आमच्याकडे, आणि तुम्ही पाहुणे बोलावताय पौष लिहून.

गुहागरची_लेक
बरं ऐका. बॅनरवाल्याला संध्याकाळी पाचला मजकूर द्यायचा होता. मी "सर्वांत मोठी रात्र" एवढंच मोठ्या अक्षरात लिहिलं, खाली "विसावा आणि मोहोर", आणि कंसात विंटर सॉल्स्टिस देवनागरीत. आजोबांना वाचून दाखवलं. म्हणाले "सर्वांत मोठी रात्र" म्हणजे घरात कोणी गेलंय असं वाटतं, पण मोहोर बरा आहे. आता बाईंचा मेसेज आलाय की पहाटे सूर्योदयाला काहीतरी पारंपरिक खायला द्या.

देवगडकरीण
झुंझुरमासाची खिचडी!!! सांगत होते ना मी. मूग सालीचे घ्या, आणि तूप वरून सढळ.

खलाशी_हर्णै
बांगडा भाजून द्या. परंपरा परंपरा काय.

सायन_पक्ष
आधी मार्गशीर्षातला गुरुवार येतोय का ते बघा.

कलमवाला
कुठल्या पंचांगाने?