मुलांना घेऊन मुंबईत सुट्टी: तुम्ही कशी आखलीत? (अनुभव धागा)

मुलुंड

एप्रिल संपत आला की आमच्याकडे फोन सुरू होतात. "यंदा पोरांना मुंबई दाखवायची म्हणतोय, कसं करू?" कधी सांगलीची चुलत बहीण, कधी जळगावचे दीर, कधी पुण्याची मैत्रीण. प्रेक्षणीय स्थळांच्या याद्या हव्या तेवढ्या मिळतात, पण पाच वर्षांच्या मुलीला भर दुपारी फोर्टात शू लागली तर न्यायचं कुठे, हे त्यात नसतं. म्हणून हा धागा काढला. मुंबईत राहणारे, येऊन गेलेले, पाहुण्यांना फिरवणारे, सगळ्यांनी लिहा. मुलांची वयं, कुठे उतरलात, काय जमलं, सगळं सविस्तर येऊ द्या.

माझं मत आधीच सांगून टाकते. मुलं बरोबर असतील तर दिवसाला एकच मोठं ठिकाण धरावं. मुंबईत जाण्यायेण्यातच अर्धा दिवस जातो आणि बाहेरगावच्या मुलाला लोकल, डबलडेकर, लाँच यांचंच जास्त अप्रूप असतं. तो वेळ वाया गेला असं समजू नका, त्यालाही सुट्टीतच धरा.

आखणीची सुरुवात वारापासून करा. सोमवारी घारापुरीची (एलिफंटा) लेणी बंद, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यानही बंद. बुधवारी राणीची बाग, म्हणजे भायखळ्याचं प्राणिसंग्रहालय, बंद. रविवारी मध्य आणि हार्बर रेल्वेवर बहुतेक वेळा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी काही गाड्या बंद) असतो, तोही साधारण अकरा ते चार, म्हणजे नेमका आपल्या फिरायच्या वेळेत. शनिवारी त्याचं वेळापत्रक बघूनच रविवार ठरवा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सोमवारी उघडं असतं, तेव्हा तो दिवस तिथे द्यावा. १ मे, १५ ऑगस्ट असे मोजके दिवस तेही बंद असतं, हे लक्षात ठेवा. आणि तारापोरवाला मत्स्यालय आणि एस्सेलवर्ल्ड अजून तुमच्या यादीत असतील तर खोडा. दोन्ही बंद झाली आहेत.

कोल्हापूर (मुलगी ९, मुलगा ५)

आम्ही रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने गेलो. मुलं झोपेत असतानाच प्रवास उरकतो आणि सकाळी थेट सीएसएमटीला उतरता येतं. गिरगावात माझ्या नणंदेकडे उतरलो होतो. वन्संनी पहिल्याच दिवशी नियम घालून दिला: सकाळी नाश्ता करून बाहेर पडायचं, एकच्या आत घरी यायचं, जेवून मुलांना झोपवायचं आणि ऊन उतरल्यावर पुन्हा निघायचं. मे महिन्यातल्या मुंबईत घाम नुसता वाहतो, आपल्याकडच्या कोरड्या उन्हाची सवय तिथे कामाला येत नाही. दुपारची ती झोप होती म्हणून संध्याकाळी पोरं चौपाटीवर हसतखेळत होती.

मणिभवन गावदेवीत, घरापासून चालत गेलो. गांधीजी १९१७ ते १९३४ या काळात मुंबईत आले की तिथेच राहायचे. मुलगा लहान, त्याला काय कळणार असं वाटत होतं, पण वरच्या मजल्यावर गांधीजींच्या आयुष्यातले प्रसंग छोट्या छोट्या बाहुल्यांच्या देखाव्यांत मांडलेत. काचेला नाक लावून तो एकेक देखावा बघत होता आणि "हे कोण? हे का भांडतायत?" म्हणून आत्याला भंडावत होता. मिठाच्या सत्याग्रहाची गोष्ट ती त्याला तिथेच उभ्याउभ्या सांगत होती आणि मागची माणसं न कुरकुरता थांबली होती.

डबलडेकरसाठी सीएसएमटीवरून एनसीपीएला जाणारी ११५ नंबरची बस. जुन्या लाल डबलडेकर २०२३ मध्ये बंद झाल्या, आताच्या विजेवरच्या आणि एसी आहेत. वरच्या मजल्यावरची पुढची सीट हवी असेल तर सुरुवातीच्या स्टॉपवरूनच चढा, आणि ती भरली असेल तर पुढच्या बसची वाट बघा. आम्ही बघितली. वळणावर झाडाची फांदी काचेवर घासली तेव्हा दोघांनी एकदम डोकी खाली केली.

लालबाग (आजोबा, नातवंडं ७ आणि ११)

राणीच्या बागेत गेलो की सकाळी सकाळी पेंग्विनची रांग आधी उरकतो. हे हम्बोल्ट जातीचे, पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. २०१६ साली आणले आणि २०१७ पासून लोकांना बघायला मिळतात. गारव्यातून मुलं बाहेर यायला तयार नसतात, आणि मे महिन्यात मीही नसतो.

पण त्याच आवारातल्या दोन गोष्टी बहुतेक पाहुणे न बघताच जातात. डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालयाच्या बाहेर एक दगडी हत्ती उभा आहे. हा मूळचा घारापुरीचा. १८६४ साली इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला, पण उचलताना क्रेनने दगा दिला आणि हत्ती फुटला. पुढे तुकडे सांधून तो उभा केला. धाकट्याला मी सांधे शोधायला लावतो. हत्तीभोवती फिरत, डोळे बारीक करून, "आजोबा, इथे एक! इथे पण!" असं त्याचं सुरू असतं. मग दुसऱ्या दिवशी घारापुरीला गेलो की हत्ती कुठून आला हे त्यालाच सगळ्यांना सांगायचं असतं.

दुसरी गोष्ट काळा घोडा. फोर्टातल्या त्या चौकाला ज्याच्यामुळे नाव पडलं तो पुतळा, म्हणजे सातवा एडवर्ड घोड्यावर बसलेला, १९६५ साली तिथून हलवला आणि आता तो इथे राणीच्या बागेत आहे. फोर्टात २०१७ पासून नवा घोडा उभा आहे, पण त्याच्या पाठीवर स्वार नाही. मुलांना आधी बागेतला दाखवा, मग फोर्टातला. स्वार कुठे गेला, हे त्यांचं त्यांना सापडू द्या. मी गिरणगावात वाढलेला माणूस. या शहरातल्या वस्तू कुठून कुठे गेल्या हे पोरांना कळलं पाहिजे असं मला फार वाटतं.

नाशिक (मुलं ६ आणि १०)

आजोबांच्या हत्तीला धरून घारापुरीबद्दल लिहितो. गेटवेवरून लाँचने साधारण तासभर लागतो. डिसेंबर २०२४ मध्ये याच मार्गावर मोठी दुर्घटना झाली होती, त्यामुळे बायकोच्या मनात धास्ती होती आणि ती रास्तच होती. त्यानंतर लाइफ जॅकेट सक्तीचं झालंय. मुलांना मोठ्यांच्या मापाचं जॅकेट नुसतं गळ्यात अडकवू नका. लहान मापाचं मागा, पट्टे स्वतः आवळा आणि ते मिळाल्याशिवाय लाँच सुटू देऊ नका. मी तसंच केलं.

सकाळची पहिली-दुसरी लाँच धरा. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी रेल्वे आहे, धाकट्यासाठी तीच सहलीची मोठी गंमत ठरली. पुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. दोन्ही बाजूंना दुकानं आणि त्यांच्या ताडपत्र्यांची सावली, त्यामुळे चढ जाणवत नाही. माकडं मात्र धीट आहेत. हातात बाटली, चिप्सचं पाकीट काहीही दिसता कामा नये, सगळं सॅकमध्ये आणि सॅक पुढच्या बाजूला.

गुहेत शिरल्यावर बाहेरच्या उजेडाने काही दिसत नाही. आम्ही दोन मिनिटं नुसते उभे राहिलो. मग हळूहळू समोरचा त्रिमूर्ती सदाशिव दिसायला लागला, सुमारे २० फूट उंच. दहा वर्षांचा मुलगा एरवी एका जागी ठरत नाही, तो खांबाला टेकून बसला आणि तीन चेहऱ्यांतला रागीट कोणता, शांत कोणता हे ठरवत राहिला. तिथे वेळ राखून ठेवा, घाई करू नका. परतीची शेवटची लाँच किती वाजता हे उतरल्या उतरल्याच विचारून घ्या. पावसाळ्यात समुद्र खवळला की फेऱ्या बंद असतात, त्यामुळे जूननंतर हा बेत धरू नका.

डोंबिवली

लोकलबद्दल. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, पाच ते बाराच्या मुलांना अर्धं. बारा वर्षांखालचे मुलगे आईबरोबर लेडीज डब्यात चालतात. बाहेरगावच्या मंडळींना हे ठाऊक नसतं आणि बाप-लेक एका डब्यात, माय-लेकी दुसऱ्या अशी ताटातूट होते. सकाळी अकरानंतर निघा आणि संध्याकाळी पाचच्या आत परतीची गाडी धरा. बाहेरगावचे पाहुणे गर्दीच्या वेळी मुलांना घेऊन डब्यात शिरलेले बघते तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. उतरायच्या एक स्टेशन आधी दाराजवळ या, दार कोणत्या बाजूला येणार ते शेजारच्या बाईला विचारा. सांगतात, आणि मुलाचा हात धरून उतरवूनही देतात.

ऐरोली

नोव्हेंबर ते मे यातल्या सुट्टीत येत असाल तर रोहित पक्षी बघायला ठाणे खाडीवर या. ऐरोलीच्या केंद्रातून खाडीत बोट नेतात. बोटीच्या वेळा भरती-ओहोटीवर असतात, म्हणून आधी बुकिंग करून वेळ विचारा. शिवडीच्या धक्क्यावरूनही दिसतात, पण पूर्ण ओहोटीला ते फार लांब असतात. दुर्बीण आणा, आणि मुलांना गडद रंगाचे साधे कपडे घाला.

पुणे (मुलगा ८, स्वमग्न)

आमच्यासारख्या घरांनी मुंबईचा विचारच करू नये असं जवळच्या माणसांनीही सुचवलं होतं. म्हणून मुद्दाम सविस्तर लिहितेय.

माझ्या मुलाला अचानक झालेला आवाज सोसत नाही, पण पुढे काय होणार हे माहीत असेल तर तो बरंच काही निभावतो. जायच्या आधी रोज रात्री आम्ही फोटो बघायचो. हे स्टेशन, हा सरकता जिना, हा दरवाजा. मेट्रो ३ आता आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू आहे, २७ स्थानकं, एक सोडून सगळी जमिनीखाली. स्थानकांच्या नावांची पट्टी मी त्याला कागदावर काढून दिली होती. प्रत्येक स्थानक आलं की तो पेन्सिलने खूण करायचा. गर्दी, घोषणा, डब्यातला गोंगाट, सगळं त्या पट्टीमुळे पार पडलं. कानांवर हेडफोन होतेच. प्रत्येक स्थानकात लिफ्ट आहे, त्यामुळे तो फार बावरला की जिना टाळता येतो.

फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आम्ही दार उघडायच्या वेळी, सव्वादहाला हजर होतो. पहिला तासभर दालनं जवळजवळ मोकळी असतात. पक्षी-प्राण्यांच्या विभागात त्याने एकाच काचेसमोर किती वेळ घालवला हे मी मोजलं नाही, आणि पुढे चल असंही म्हटलं नाही. आवारात मुलांचं वेगळं संग्रहालय आहे, २०१९ मध्ये सुरू झालेलं. त्याला आतल्यापेक्षा बाहेरची बाग आवडली. तेही चाललं.

एका खाणावळीत गाण्याचा आवाज कमी करा म्हणून विनंती केली तर "जमणार नाही, दुसरीकडे बसा" असं उत्तर मिळालं. फार लागलं मनाला. तेव्हापासून डबा बरोबर ठेवते. पण त्याच संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर तो समुद्राकडे तोंड करून तासभर बसला होता आणि आजूबाजूच्या कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. अशा मुलांना घेऊन या. तयारीला वेळ लागतो, तेवढा द्या.

दादर

खाण्याचं थोडक्यात. मुलांना वडापाव द्या, पण लसणीची सुकी चटणी काढून. शिवाजी पार्कच्या आसपास साबुदाणा वडा, थालीपीठ, पीयूष मिळतं आणि लहान मुलं ते आवडीने खातात. पाणी घरून न्या. उन्हाळ्यात रस्त्यावरचा बर्फाचा गोळा आणि सरबत मी मुलांना देत नाही, यावर घरी कितीही रडारड झाली तरी.

विलेपार्ले (भाचरं १३ आणि १५)

मोठ्या मुलांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. या वयाला बाग आणि खेळणी नकोत. त्यांच्या हातात आखणी द्या. मी भाचीला सांगितलं, चर्चगेटला उतरवतो, पुढे सीएसएमटीपर्यंत तू न्यायचं. नकाशा तिच्याकडे. तिने ओव्हल मैदान, हायकोर्ट, हुतात्मा चौक असं नेलं. १९६० साली महाराष्ट्र झाला त्याआधी १०६ माणसं हुतात्मा झाली, हे पुस्तकात वाचलेलं होतं. त्या चौकात उभं राहून दोघांनी ते एकमेकांना सांगितलं, मी मध्ये बोललो नाही. सीएसएमटीची इमारत १८८८ मध्ये पूर्ण झाली. ती बघायची तर रस्त्यापलीकडून, महापालिकेच्या बाजूने. भिंतीवरचे दगडी मोर, माकडं, घुबडं शोधायची पैज लावा.

वरळीचं नेहरू विज्ञान केंद्रही याच वयाला, तिथे हात लावून करून बघायचं बरंच आहे. आता मेट्रोचं स्थानक जवळ झाल्याने जाणंही सोपं.

नागपूर

सगळं वाचून धीर आला. आम्ही दिवाळीनंतर येतोय, मुलगी चार वर्षांची आणि सोबत सासूबाई, त्यांचे गुडघे दुखतात. विदर्भ एक्स्प्रेसची तिकिटं काढलीत. उतरणार शिवाजी पार्कला, मामेसासऱ्यांकडे. दादरला उतरावं की पुढे जावं?

मुलुंड

ताई, घर दादरला असलं तरी सीएसएमटीलाच उतरा. दादरला गाडी थोडाच वेळ थांबते आणि सकाळची गर्दी असते. सासूबाई, मुलगी आणि बॅगा इतकं सगळं त्या घाईत उतरवणं कठीण. सीएसएमटीला गाडी संपते, निवांत उतरता येतं आणि जिने न चढता थेट रस्त्यावर येता येतं. तिथून टॅक्सीने घरी या. पहिला दिवस मोकळा ठेवा, संध्याकाळी फार तर पार्कात कट्ट्यावर बसा. घारापुरी सासूबाईंसाठी सोडून द्या, त्याऐवजी राणीची बाग. तिथे सगळं सपाटीवर आहे आणि बसायला जागोजागी बाकं आहेत. सकाळी लवकर जा, बुधवार सोडून. आणि आजोबांचा हत्ती सासूबाईंनाही दाखवा.