लक्षात राहणारी कॅरेक्टर्स असलेली कॉमिक्स सुचवा, भाच्यासाठी आणि माझ्यासाठी पण

सेलूचा_मामा

नमस्कार मंडळी. भाचा यंदा आठवीला गेलाय, सुट्टीत आमच्याकडं येणार आहे. सुपरहिरोचे पिक्चर त्याचे जवळपास सगळे बघून झालेत, कुणाचा सूट कशाचा, कोण कुणाला हरवू शकतो हे सगळं तोंडपाठ, पण परवा फोनवर मी विचारलं की बाबा तुझा हा हिरो घरी कसा वागतो, त्याला भीती कशाची वाटते, तर गडी गप्पच. मग म्हणला, मामा पिक्चरमधे तेवढं दाखवतच नाहीत.

मला स्वतःला कॉमिक्स लई आवडतात, अजून वाचतो, आणि माझं तर मत आहे की हिरो उडतो का भिंतीवर चढतो हे चार दिवसात विसरून जातं पण तो कुणासाठी रडला, कुणाला सोडून दिलं, कुठं हट्ट धरून बसला हे डोक्यातून जात नाही. तर अशी कॉमिक्स सांगा की ज्यात तो ड्रेस काढून ठेवला तरी खाली पुरा माणूस सापडतो. हिंदी त्याला चांगली येते, इंग्रजी अडखळत वाचतो, मराठीत काही असेल तर सोन्याहून पिवळं. आणि नुसती नावं नका देऊ, तुम्हाला तो का लक्षात राहिला ते लिहा.

गोदाकाठ_नांदेड

मामा पहिलं नाव सुपर कमांडो ध्रुव. डोळे झाकून घ्या. हिंदीतल्या राज कॉमिक्समधे 1987 ला अनुपम सिन्हांनी आणला, गोष्ट पण त्यांची आणि चित्रं पण त्यांचीच. सर्कशीत वाढलेलं लेकरू, आईबाप झुल्यावरचे कलाकार, आणि दुसऱ्या सर्कसवाल्यांनी हेव्यापोटी आग लावली त्यात सगळं संपलं. मग राजन मेहरा नावाचे पोलिस अधिकारी त्याला घरी नेतात. आता इथून पुढं जन्मभर बदला बदला करत फिरणारा हिरो काढणं सोपं होतं, पण सिन्हांनी त्याला एका घरातला पोरगा केला, त्याला बहीण दिली, काळजी करणारी आई दिली. बहीण श्वेताचं एक गुपित आहे ते मी इथं सांगत नाही, भाच्याला स्वतःला सापडू द्या, लई मजा येते.

आणि तोंडावर मास्क नाही बरं का. उडता येत नाही, गोळी लागली तर रक्त येतं. सर्कशीत शिकलेली कसरत, प्राण्यापक्ष्यांशी बोलता येणं आणि डोकं, एवढ्यावर सगळा कारभार. समोरचा जवळपास दरवेळी त्याच्यापेक्षा ताकदवान असतो म्हणून ह्याला विचार करावाच लागतो, हाताशी असलेल्या साध्या वस्तूचा, विज्ञानातल्या एखाद्या गोष्टीचा वापर करून तो सुटतो आणि वाचताना आपण पण त्याच्यासोबत विचार करायलोत असं वाटतं. भाच्याला म्हणा शेवटची चार पानं उलटायच्या आधी थांब आणि सांग ध्रुव आता काय करंल. आमच्या घरात पोरं हाच खेळ खेळायलेत सध्या.

हिंदीची तर आपल्या इकडं अडचणच नाही, निजामाच्या काळापासून उर्दू हिंदी कानावर पडतीच.

नागराज पण द्या पण सुरुवातीचा. पहिल्या अंकांची चित्रं प्रताप मुळीकांची, अमर चित्र कथेत ज्यांनी इतकं काम केलं तेच. त्यात नागराज आधी गुन्हेगारांना विकायचं हत्यार असतो, प्रोफेसर नागमणीनं बनवलेलं, आणि बाबा गोरखनाथ त्याला त्यातून सोडवतात. म्हणजे ज्याला वस्तू म्हणून बनवलं तो माणूस व्हायला निघतो. शक्ती बाजूला ठेवा, मला तर हीच गोष्ट भारी वाटते.

बीड_बायपास

ध्रुवला माझं पण मत. पण डोगा कसा काय राहिला?? मुंबईचा हिरो आहे राव, कचऱ्यात सापडलेलं बाळ, हलकान सिंग डाकूनं उचललेलं ते पण दया येऊन नाही तर पोलिसांपुढं ढाल करायला. पुढं मुंबईत व्यायामशाळेवाले अदरक चाचा भेटतात, त्यांच्या भावांची नावं हल्दी, धनिया, काली मिर्च, आणि ते सगळे मिळून ह्याला घडवतात. ज्या पोराला कुणी नाव दिलं नाही, माया लावली नाही त्याला पहिल्यांदा कुणीतरी जेवलास का विचारतं, ते वाचताना माझ्या घशाशी येतं अजून. कुत्र्याचा मुखवटा का घालतो ते पण त्या लहानपणातूनच आलंय.

जालन्याची_ताई

डोगा चांगला लिहिलाय हे मान्य पण आठवीच्या मुलाला आत्ता नका देऊ दादा. तो थेट गोळ्या घालतो, प्रश्न मुळापासून उपटायचा म्हणजे माणूस मारायचा असंच त्याचं वागणं, आणि त्याच्यात तो राग कुठून आला हे समजायला थोडं वय लागतं. अकरावी बारावीत द्या, मग वाचून वाद घालू द्या, तेव्हा ते कॅरेक्टर खरं उघडेल.

मी शाळेत शिकवते, ग्रंथालयाचं काम माझ्याकडंच आहे म्हणून दोन गोष्टी सांगते. स्पायडरमॅन सगळ्यांना माहीत आहे असं वाटतं पण स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांचे 1962 पासूनचे मूळ अंक फार थोड्यांनी वाचलेत. पीटर पार्करची खरी लढाई पैशाची आहे. मे काकूंचं आजारपण, घरखर्च, स्वतःचेच फोटो काढून पेपरला विकायचे आणि तोच पेपर त्याची बदनामी छापणार. त्यातला 33 वा अंक आहे, 1966 चा, तो मी मुलांना पान पान दाखवते. पीटर पोलादी यंत्राच्या ढिगाखाली अडकलाय, वरून पाणी गळतंय, काकू दवाखान्यात शेवटच्या घटका मोजतायत आणि त्यांचं औषध समोर पडलंय पण हात पोचत नाही. त्या पानांवर मारामारी नाही. एक पोरगा आणि एक ओझं. आधी बारीक बारीक चौकटी, तो थकतो, म्हणतो जमणार नाही, मग ज्यांचा जीव त्याला वाचवता आला नव्हता ते बेन काका आठवतात, एकदा त्यांच्या वेळी मी कमी पडलो आता काकूंच्या वेळी नाही, आणि तो जसा जसा उठतो तशा चौकटी मोठ्या होत जातात आणि शेवटी ओझं फेकून देतो ते अख्ख्या पानावर येतं. सिनेमात हे पाच सेकंदात उरकतं. इथं आपण पान उलटायचं थांबतो, मागं जातो, परत बघतो, कॉमिक्सची ताकद ती हीच आहे असं मला मनापासून वाटतं. मागच्या बाकावरची मुलं सुद्धा तिथं एकदम शांत होतात.

दुसरी कमला खान, मिस मार्व्हल, 2014 ची मालिका, जी. विलो विल्सन यांनी लिहिलेली. पहिल्या संग्रहाला 2015 चा ह्यूगो, म्हणजे विज्ञानकथा आणि फँटसीसाठीचा मोठा पुरस्कार आहे. जर्सी सिटीत राहणारी मुलगी, घरचे मूळचे पाकिस्तानचे, अब्बू अम्मीचा धाक, उशीर झाला की बोलणी. शक्ती मिळाल्यावर ती आधी सोनेरी केसांच्या गोऱ्या हिरॉइनसारखं रूप घेते कारण हिरो म्हणजे तसंच दिसायचं असं तिच्या मनात बसलेलं, आणि मग हळूहळू तिला कळतं की मला माझ्याच तोंडानं हे करायचंय. आमच्या मुलींना ही फार जवळची वाटते, आणि मामा, मुलांनीही वाचलीच पाहिजे. फक्त मुलींसाठी म्हणून बाजूला ठेवू नका.

पूर्णा_जंक्शन

सगळे हिरोवरच बोलायलेत, व्हिलन कुठंय? माझ्या मते कॅरेक्टर घट्ट होतं ते समोरच्यामुळं. एक्स मेन कॉमिक्समधला व्हिलन मॅग्नेटो बघा, 1963 ला आला तेव्हा साधा दुष्ट होता, जग जिंकायचं वगैरे. मग लेखक ख्रिस क्लेरमाँटनी त्याला नाझी छळछावणीतून वाचलेला माणूस केला. 1981 चा 150 वा अंक, त्यात तो रागाच्या भरात एक्स मेनमधल्या किटी प्राइडवर वार करतो आणि मग त्याला दिसतं की ही तर लहान पोरगी आहे, आणि तो हादरून थांबतो, ज्यांचा द्वेष केला त्यांच्यासारखाच मी झालोय का म्हणून. त्यानंतर त्याला नुसता व्हिलन म्हणता येत नाही आणि एक्स मेनचे गुरू प्रोफेसर एक्स आणि त्याची मैत्री, भांडण सगळं वेगळंच दिसायला लागतं.

मिस्टर फ्रीझचं पण तसंच. बॅटमॅनमधला बर्फाची बंदूक घेतलेला एक फालतू चोर होता, 1992 च्या ॲनिमेटेड मालिकेत पॉल डिनीनी त्याला आजारी बायको दिली, नोरा, जिला वाचवायला तिला गोठवून ठेवलंय. एवढ्या एका गोष्टीनं तो माणूस झाला, आणि मग ते कॉमिक्समधे पण कायम झालं. भाच्याला हा एपिसोड पहिला दाखवा आणि मग विचारा चूक कुणाची. तासभर बोलंल.

तेरणाकाठ

माझ्या वयाचं इथं कुणी दिसत नाही म्हणून जुनं सांगतो. टाइम्स ऑफ इंडियाच्या इंद्रजाल कॉमिक्स 1964 ला सुरू झाल्या आणि 1990 पर्यंत निघाल्या, मराठीतही यायच्या. वेताळ म्हणजे इंग्रजीतला फँटम आणि जादूगार मॅन्ड्रेक तर होतेच, पण मला विचाराल तर त्यातला बहादूर हे आपल्या मातीतलं कॅरेक्टर होतं. आबिद सुरतींनी 1976 ला लिहिला. बाप डाकू, पोलिसांच्या हातून मेलेला, आणि पोराला वाढवतो तो पण एक पोलिस अधिकारीच, विशाल. पोरगा सूड घ्यायच्या इराद्यानं वाढतो आणि पुढं बाप काय होता ते कळल्यावर तोच गावोगावच्या लोकांना डाकूंविरुद्ध उभं करतो, नागरिक सुरक्षा दल काढतो. भगवा कुर्ता आणि जीन्स, बास, एवढाच ड्रेस. एकट्यानं गाव वाचवणारे हिरो पुष्कळ, गावाला स्वतःचं रक्षण करायला शिकवणारा मी तरी दुसरा पाहिला नाही. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या आम्हा पोरांना तो आपल्यातलाच वाटायचा.

वेताळही द्यावा. कवटीवर हात ठेवून घेतलेली शपथ, बापाकडून पोराकडं आलेलं काम, एकविसावा वेताळ, आणि जग समजतं की हा एकच माणूस आहे जो मरत नाही. त्याला मरणारा माणूस केला यातच त्याचा जनक ली फॉकची हुशारी आहे.

जालन्याची_ताई

काका बहादूरबद्दल अगदी पटलं. वेताळबद्दल एक म्हणायचंय. 1936 ची कल्पना आहे ती, एक गोरा माणूस जंगलातल्या काळ्या लोकांचा पिढ्यानपिढ्या रक्षक, आणि त्या लोकांना स्वतःचं काही ठरवता येत नाही असं जुन्या अंकांत फार दिसतं. मुलाला देऊ नका असं नाही म्हणत, शपथेची गोष्ट मलाही भिडते. पण सोबत बसून वाचा आणि हे बोला.

तेरणाकाठ

बरोबर आहे ताई. आम्ही त्या वयात हे कधी विचारलं नाही, कुणी विचारायला लावलं पण नाही. आजची मुलं विचारतात हे मला आवडतं.

सेलूचा_मामा

मंडळी मनापासून आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. ठरवलंय असं की पहिला ध्रुव, त्याचा पहिला अंक प्रतिशोध की ज्वाला, मग ताईंनी सांगितलेला स्पायडरमॅनचा 33 वा, तो इंग्रजीत आहे तर आम्ही दोघं मिळून वाचू. कमला खान माझ्या भाचीसाठी पण घेतो, म्हणजे दोघांत ओढाओढी होऊन दोघं पण वाचतील. बहादूर कुठं जुन्या पुस्तकांत मिळाला तर मला स्वतःलाच पाहिजे. डोगा मी वाचून घेतो आधी.

एक विचारायचं राहिलं, राज कॉमिक्सचे सुटे अंक घेऊ का संग्रह?

गोदाकाठ_नांदेड

ध्रुवचे जुने अंक संग्रहात भेटले तर तेच घ्या. सुटे अंक घेतले तर आधी बघून घ्या की गोष्ट त्याच अंकात संपती का पुढं जाती, बऱ्याच गोष्टी दोन तीन अंक चालतात आणि पुढच्या अंकाचं नाव शेवटच्या पानावर असतं. अर्धी गोष्ट हातात दिली आन पुढचा अंक दुकानात नसला तर लेकरू तुम्हाला सुट्टीभर सोडणार नाही.