तुरुंगातला केसपेपर बाहेरच्या दवाखान्याला दिसावा का?

रानवेडा
माझं मत: दिसावा, आणि बाहेरचा आतल्या डॉक्टरलाही दिसावा. दोन्ही नोंदी डिजिटल पद्धतीने जोडाव्यात. विरोधी मतं असणारच, म्हणून हा धागा.

माणूस आत जाताना झडतीत खिशातल्या गोळ्या जमा होतात. मग रात्री उशिरा नर्स विचारते, 'काही आजार? औषधं चालू आहेत?' उत्तर येतं, 'सकाळी एक पांढरी, रात्री अर्धी.' आता ही पांढरी मिरगीची, रक्तदाबाची की मानसिक आजाराची? जुनी नोंद उघडता आली तर अंदाजपंचे काम थांबेल.

सुटताना तर आणखी गोंधळ. कोर्टात जामीन झाला की कित्येकदा माणूस परस्पर घरी जातो. क्षयाचा नेहमीचा कोर्स सहा महिन्यांचा, तो मध्येच तुटतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात १९९९ ते २००३ या काळात सुटलेल्या तीस हजारांवर कैद्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका तिथल्या इतर रहिवाशांच्या १२.७ पट निघाला. सर्वांत मोठं कारण अमली पदार्थांचा ओव्हरडोस. आत असताना शरीराची सवय मोडते, बाहेर आल्यावर माणूस जुनाच डोस घेतो. उपचार चालू होते हे बाहेरच्या डॉक्टरला वेळेत कळलं, तर यातले काही तरी वाचतील.

साशंक
आकडे कबूल, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष नाही. तो माणूस दवाखान्यात गेलाच नाही तर नोंद जोडून काय उपयोग? त्याला सुटताना हातात चार दिवसांची औषधं आणि ठरलेली अपॉइंटमेंट हवी. त्याला सॉफ्टवेअर लागत नाही.

दुसरं, पत्त्याच्या रकान्यात एकदा तुरुंगाचा पत्ता पडला की तो पुसायचा कोणी? पाच वर्षांनी हाच माणूस पाठदुखी घेऊन येतो, डॉक्टर स्क्रीन बघतो, आणि वेदनाशामक मागणारा पेशंट एकदम 'गोळ्या उकळायला आलेला' होतो. आणि संमतीचं म्हणाल तर, आतल्या संमतीला काय अर्थ आहे? सही केली नाही तर डॉक्टर भेटणार नाही, असं वाटलं की कोणीही सही करतो.

खाकीवाला
माझी नोकरी तुरुंगात गेली, म्हणून दुसरी बाजू सांगतो. रात्री बराकीत कोणाला फिट आली, कोणी गळफास घेतला, तर पहिला धावतो शिपाई; डॉक्टर नंतर येतो. जबाब आम्ही द्यायचा आणि माहिती आमच्यापासून लपवायची, हा कुठला न्याय?

आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. कैद्याला बाहेरच्या हॉस्पिटलात कधी नेणार, ती तारीख मुद्दाम सांगत नाहीत. कळली तर वाटेत पळवून नेण्याची तयारी होते, नाहीतर हल्ल्याची. उद्या जोडलेल्या नोंदीतून अपॉइंटमेंटचा मेसेज थेट बायकोच्या मोबाइलवर गेला, तर?

बिटबाइट
तांत्रिक अडचण लिहितो. आत नाव एक, बाहेर दुसरं, जन्मतारीख अंदाजे. यंत्रणेने दोन माणसं एकच समजून जोडली, तर पेनिसिलिनची ॲलर्जी नको त्याच्या नावावर चढते आणि खऱ्या माणसाच्या नोंदीतून गायब होते. नोंद नसली तर डॉक्टर निदान विचारतो तरी. चुकीची असली की बेफिकीर राहतो.

रानवेडा
बिटबाइट, मान्य. आपोआप जोडणी नकोच, माणसाने खात्री करूनच.

खाकीवाले, शिपायाला आजाराचं नाव कशाला हवं? मिरगीच्या पेशंटला खालची खाट लागते. 'खालची खाट द्या, फिट आली तर कुशीवर वळवा' एवढं त्याच्या यादीत असलं की झालं. औषध कुठलं, कधीपासून, हे डॉक्टरकडे. संयुक्त राष्ट्रांचे २०१५चे मंडेला नियमही हेच सांगतात: बदली झाली की वैद्यकीय फाइल कैद्याबरोबर जावी, पण गोपनीयता वैद्यकीयच राहावी. अपवाद कोणाच्या जिवाला खरा आणि तातडीचा धोका असेल तेव्हाचा.

माझी अट एकच: नोंदीची मालकी आरोग्य खात्याची, तुरुंग खात्याची नव्हे. नॉर्वेने १९८८ सालीच तुरुंगातलं आरोग्य नागरी यंत्रणेकडे दिलं, इंग्लंडमध्ये २००६पासून ती जबाबदारी राष्ट्रीय आरोग्य सेवेकडे आहे. तुरुंगाचा डॉक्टर जेलरच्या हाताखाली असेल तिथे जोडणीला माझाही विरोध.

साशंक
ही अट धाग्याच्या पहिल्या ओळीत हवी होती, राव. तरी खालची खाट मिळाली की अख्ख्या बराकीला कळतंच. ते सोडा. नोंद कोणी, कधी उघडली, हे त्या कैद्याला स्वतःला बघता येणार का? नसेल तर मी विरोधातच.

खाकीवाला
बघू दे की. पण तारखेचं काय?

रानवेडा
तारीख तेवढी झाकायची, बाकी सगळं त्याला दाखवायचं.

साशंक
झाकायचं बटण कोणाकडे?

खाकीवाला
अधीक्षकाकडे, दुसऱ्या कोणाकडे? गाडी आणि पहारा तोच देतो.

साशंक
मग मालकी आरोग्य खात्याची कशी राहिली, रानवेडा? तुमच्याच अटीत हे बसत नाही.