मदत हवी आहे: वाशिष्ठी खाडीची खोली मोजताना भरतीची दुरुस्ती कशी करावी?

खाडीच्या मुखावरच्या दाभोळपासून वर चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत खाडीचा तळ नकाशावर आणायचाय. २०२१ च्या पुरानंतर गाळ नेमका कुठे साचलाय, हे होडीवाल्यांना कळायलाच हवं. होडीला २०० किलोहर्ट्झचा फिश फाइंडर (आवाजाच्या प्रतिध्वनीवरून खोली दाखवणारं यंत्र) आणि जीपीएस आहे. अडचण पाण्याच्या पातळीची. भरती वर पोचायला वेळ लागतो, ओहोटी तिथे जास्त रेंगाळते. म्हणून दाभोळच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून वरच्या भागातली खोली चुकते, उधाणाला तर फारच. मध्ये किती ठिकाणी पाण्याची पातळी वाचायच्या मोजपट्ट्या रोवाव्यात? त्यांचं शून्य एकमेकांशी कसं जुळवायचं? शिवाय मऊ चिखलावरूनच प्रतिध्वनी परततो. खालचा घट्ट तळ बांबूने तपासणं पुरेल का? कोकणातल्या खाड्यांत असं काम केलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा. भांगाच्या (कमी भरती-ओहोटीच्या) दिवसांत मोजणी सुरू करायची आहे.