पीएफसेन्सचा टेस्ट पॉपअप येतो, पण लाइन खरंच गेली की डेस्कटॉपवर काहीच नाही

वायरिंग_नाशिक:
नमस्कार मंडळी. ऑफिसात पीएफसेन्स (फायरवॉल आणि राउटरचं सॉफ्टवेअर) आहे, इंटरनेटच्या दोन लाइन जोडल्यात, मेन फायबर आणि एक बॅकअप. मेन लाइन गेली की माझ्या विंडोज मशीनवर कोपऱ्यात पॉपअप यावा एवढंच हवंय. ईमेल नकोय, जीएसटी रिटर्नच्या गडबडीत मेल कोण बघत बसतंय. म्हणून फायरवॉलचे लॉग, म्हणजे घडामोडींच्या नोंदी, सिसलॉगने (नोंदी नेटवर्कवरून पाठवायची पद्धत) माझ्या मशीनवर घेतलेत, पॉवरशेलची छोटी स्क्रिप्ट यूडीपी ५१४ पोर्टवर ऐकते आणि ओळीत 'अलार्म' दिसलं की बर्न्टटोस्टने (पॉवरशेलमधून विंडोजचा पॉपअप दाखवणारं मोड्यूल) पॉपअप टाकते. फायरवॉलवरून लॉगर कमांडने (लॉगमध्ये हाताने ओळ टाकणारी) खोटी ओळ पाठवली की पॉपअप लगेच येतो. पण परवा फायबर बराच वेळ बंद होतं आणि पॉपअप ढिम्म आला नाही, शेवटी लाइन हाताने बदलावी लागली. जुन्या पोस्टमध्ये ग्रोल या पॉपअप दाखवणाऱ्या प्रोग्रामबद्दल वाचलं, पण तो पर्याय मेनूत दिसतच नाही. नक्की कुठे अडतंय?

सर्व्हर_रूम:
ग्रोल विसरा, ते २०२० मध्येच बंद झालं आणि पीएफसेन्सनेही २.५ व्हर्जनपासून काढून टाकलं.
तुमची स्क्रिप्ट टास्क शेड्युलरमधून चालते का? तिथे 'युझर लॉगऑन असो वा नसो चालव' हा पर्याय निवडला असेल तर स्क्रिप्ट सेशन शून्यमध्ये (विंडोजचं पडद्यामागचं, स्क्रीन नसलेलं सेशन) चालते, म्हणजे ती चालू असते, ओळी पण वाचते, फक्त तुमच्या स्क्रीनवर काही दाखवू शकत नाही. हाताने चालवून टेस्ट केलीत तर सगळं छान दिसणारच. 'लॉगऑन असेल तेव्हाच' वर ठेवा. आणि यूडीपीला पोच (पॅकेट मिळाल्याचं उलट उत्तर) नसते, विंडोजच्या फायरवॉलने पॅकेट अडवलं तरी पीएफसेन्सला पत्ता लागत नाही, त्यामुळे मशीन रीस्टार्ट करून परत एकदा बघाच.

गेटवे_बघा_आधी:
वरचं सगळं बरोबर आहे पण मूळ दुखणं वेगळं वाटतंय. लाइन हाताने बदलावी लागली असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे लाइन गेल्याचं फायरवॉललाच कळलं नव्हतं. मग अलार्मची ओळ लॉगमध्ये येणार कुठून आणि पॉपअप तरी कसला येणार? लॉगरने तुम्ही फक्त शेवटचा टप्पा तपासलात. स्टेटस मेनूत गेटवे उघडा आणि मॉनिटर आयपी, म्हणजे लाइन चालू आहे का हे बघायला फायरवॉल ज्या पत्त्याला पिंग करतो तो, काय आहे ते सांगा.

वायरिंग_नाशिक:
मॉनिटर १९२.१६८.१.१ दिसतोय. हा तर फायबरच्या मोडेमचाच पत्ता.

गेटवे_बघा_आधी:
हेच ते. वेगळा दिला नाही तर गेटवेचाच पत्ता मॉनिटर म्हणून धरला जातो. बाहेर फायबर तुटली तरी मोडेम इमानदारीत पिंगला उत्तर देत राहतो, सगळं हिरवं. सिस्टिम, राउटिंग मध्ये जाऊन मेन लाइनला १.१.१.१ द्या आणि बॅकअपला ८.८.८.८, दोन्हीला एकच देऊ नका कारण मॉनिटर आयपीसाठी त्या त्या गेटवेचा स्वतंत्र रूट टाकला जातो.

आता खरी टेस्ट. जेवणाच्या सुट्टीत करा. मोडेम आणि फायरवॉलमधली लॅन केबल काढू नका, त्याने पोर्टच डाउन होतं आणि ती वेगळीच घटना झाली. मोडेममधली हिरव्या टोकाची फायबर हळूच काढा, टोकाला बोट लावू नका, टोपी असेल तर लावून ठेवा. एलओएसचा (फायबरचा सिग्नल गेल्याचा) लाल दिवा लुकलुकला पाहिजे. डीफॉल्ट सेटिंगला डीपिंगर (पीएफसेन्समधला लाइन तपासणारा प्रोग्राम) दर अर्ध्या सेकंदाला पिंग करतो, ६० सेकंदांची सरासरी धरतो आणि लॉस, म्हणजे उत्तर न आलेले पिंग, २० टक्क्यांवर गेला की अलार्म देतो, म्हणजे साधारण १५ सेकंद थांबायचं. फायबर परत लावल्यावर 'क्लिअर'ची ओळ येते, स्क्रिप्टमध्ये तोही शब्द टाका, नाहीतर लाइन परत कधी आली ते कळणार नाही.

अजून एक, रिमोट लॉगिंगमध्ये (लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवायची सेटिंग) फक्त गेटवे मॉनिटर इव्हेंट टिक करा. बाकीचं सगळं कशाला रोज माथी मारून घ्यायचं. मग लॉगरने टेस्ट करताना टॅग (ओळ कोणत्या प्रोग्रामची ते सांगणारं नाव) डीपिंगर द्या, नाहीतर ती खोटी ओळ फिल्टरमध्येच अडकेल.

सर्व्हर_रूम:
आणि विंडोजचं डू नॉट डिस्टर्ब (पॉपअप दाबून ठेवणारी सेटिंग) बघून घ्या भाऊ. प्रोजेक्टरला स्क्रीन डुप्लिकेट केली किंवा काही फुल स्क्रीन चालू असलं की ते आपोआप चालू होऊ शकतं, मग पॉपअप गुपचूप नोटिफिकेशन सेंटरमध्ये जाऊन पडतो.

वायरिंग_नाशिक:
मॉनिटर आयपी बदलले, टास्क पण 'लॉगऑन असेल तेव्हाच' वर आणला. आत्ता सुट्टीत फायबर काढली, लाल दिवा लागला आणि थोड्या वेळात पॉपअप आला, लाइन पण आपोआप बॅकअपवर गेली. क्लिअरचा पण आला. दोघांचे खूप आभार. प्रोजेक्टर लावून बघायचं बाकी आहे, उद्या मीटिंगच्या आधी करतो.