चुलीच्या धुराचं प्रदूषण आपण कधी मोजणार?

तुराटी:
आईला पहिल्यांदा दम्याच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा त्यांनी विचारलं, "घरात कोणी बिडी ओढतं का?" कोणीच नाही. पण तिनं चाळीस वर्षं फुंकणीनं चूल पेटवली. पऱ्हाटी, तुराट्या, आणि पावसाळ्यात ओलसर गोवऱ्या, ज्या पेटत कमी आणि धुमसतात जास्त.

त्यानंतर कर्क स्मिथ यांचं काम वाचलं. हा अमेरिकी संशोधक १९८१ साली गुजरातच्या चार गावांत गेला आणि स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर छोटे पंप लावून त्या श्वासात घेतात तीच हवा मोजली. धूलिकण सरासरी घनमीटरला ७ मिलिग्रॅमच्या आसपास निघाले. तोवर प्रदूषण म्हणजे गिरण्या आणि मोटारी. चौकातल्या यंत्राला आमची माजघरं दिसायचीच नाहीत. २०२० साली स्मिथ वारले, तोवर त्यांनी हाच विषय लावून धरला.

माझं मत स्पष्ट आहे. हवेच्या चर्चेत चूल पहिली यायला हवी, आणि उपाय सुधारित चूल नव्हे, गॅस.

कृष्णाकाठ:
ताई, आईंची काळजी घ्या. पण सगळं चुलीवर ढकलू नका. माझी आजी नव्वदीपर्यंत चुलीपुढे बसली. पुढे भाकरी, वैलावर कालवण, एकाच जाळावर दोन कामं व्हायची. निखाऱ्यांवर फुगलेली भाकरी गॅसवर होत नाही. धुराडं नीट बांधलं तर धूर बाहेर जातो. गरिबाला परवडणारा उपाय तोच.

तुराटी:
दादा, धुराड्याची परीक्षा स्मिथ यांनीच घेतली. ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात ५३४ घरं घेतली, निम्म्यांना धुराड्याची चूल दिली. २०११ साली निकाल छापून आला. बाळांच्या वाट्याचा धूर निम्म्यावर आला, तरी एकूण न्यूमोनियात खात्रीनं सांगावी अशी घट दिसली नाही. गंभीर न्यूमोनिया मात्र सुमारे एक तृतीयांशानं कमी झाला. धूर अर्धा करून भागत नाही, हे त्यातून कळलं. शिवाय धुराड्यातून गेलेला धूर शेजारणीच्या दारात उतरतो. म्हणूनच पुढे ते म्हणू लागले की हाताशी असलेलं जळण स्वच्छ करत बसण्यापेक्षा स्वच्छ इंधन हाताशी आणा.

नोंदवही:
मग पुढचंही सांगा. तामिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा इथे ३२०० गरोदर बायकांवर मोठी चाचणी झाली. अर्ध्या घरांना शेगडी आणि गॅस फुकट. २०२२ साली निकाल आला: बाळांच्या जन्मवजनात लक्षणीय फरक नाही. नंतर न्यूमोनियाचंही तेच. मला स्मिथ यांच्याबद्दल आदर आहे, पण आरोग्याच्या नावावर गॅस द्यायचा तर हा निकाल झाकून ठेवता येणार नाही.

तुराटी:
झाकायचा नाहीच, तुम्ही मांडलात ते योग्य केलंत. पण त्या चाचणीत गॅस आला तेव्हा दिवस जाऊन दोन-चार महिने झाले होते. चाळीस वर्षं धूर घेतलेल्या फुप्फुसांचं काय होतं, याचं उत्तर दीड वर्षाच्या गॅसमधून कसं मिळेल? आणि गर्भारपणात श्वासातलं पीएम २.५, म्हणजे फुप्फुसात खोल जाणारे बारीक कण, चुलीवरच्या बायकांत घनमीटरला सत्तर मायक्रोग्रॅमच्या आसपास होतं आणि गॅसवरच्या बायकांत चोवीस, ही मला लहान गोष्ट वाटत नाही.

नोंदवही:
लहान नाहीच. पण जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५ आहे. चोवीस पुरेसं नाही, एवढंच म्हणतो. शेजारची चूल आणि गावाबाहेरचा कचरा जळतोच आहे. एका घराला सिलिंडर देऊन ते सुटत नाही.

पडवी:
तुम्ही दोघं आकड्यांवर भांडताय, मी स्वयंपाकघरातलं सांगते. २०१६ नंतर उज्ज्वलाची जोडणी आमच्या वाडीतही आली. सिलिंडर आहे, पण चहा आणि पाहुण्यांपुरता. २०२२-२३ मध्ये या योजनेतल्या घरांनी वर्षाला सरासरी चार सिलिंडरही भरले नाहीत. माझ्या जावेचे दोनच. मजुरीचे पैसे आठवड्याला येतात आणि सिलिंडरचे एकरकमी द्यावे लागतात. सरपण बांधावर फुकट मिळतं. भाकरी, अंघोळीचं पाणी, गुरांचं आंबोण, सगळं चुलीवरच. कृष्णाकाठ यांना भाकरीची चव आठवते. ती थापणारीचे डोळे दुपारपर्यंत लाल असतात.

कृष्णाकाठ:
शेवटचं वाक्य लागलं. आजीच्या पदराला कायम धुराचा वास असायचा, आणि मला तो मायेचा वाटायचा. धुराड्याबद्दलचं मत अजून सोडलेलं नाही. पण आईचं अंघोळीचं पाणी तरी चुलीवरून काढतो. रोजचा पहिला धूर तिथलाच असतो.