नव्या घराची किल्ली हातात कधी पडली? (अनुभव धागा)

अबोली_फ्रीमाँट
काल भाच्याचा सॅन होजेहून फोन. "मावशी, ढीगभर सह्या केल्या, नोटरीने उजवा अंगठापण घेतला, आणि आता म्हणतात घरी जा!" मला हसू आवरेना. कॅलिफोर्नियात सह्यांवर कोण किल्ली देतंय? कागद परत कर्जवाल्यांकडे जाणार, ते बघून पैसे सोडणार, मग डीड, म्हणजे खरेदीखत, काउंटी रेकॉर्डरकडे नोंदवायला. 'रेकॉर्ड झालं' असा एस्क्रोवाल्यांचा (दोघांचे पैसे-कागद मधे सांभाळणाऱ्यांचा) निरोप आला की मगच घर तुमचं.

आमच्या वेळी भाड्याचं घर सोडलेलं, ट्रक भरून नव्या घरासमोर उभा, आणि निरोपाचा पत्ता नाही. सासूबाई मांडीवर गणपती घेऊन गाडीत. "घरात गेल्यावरच ठेवीन" म्हणाल्या, त्या ठेवीचनात. नवरा दर पाच मिनिटांनी एजंटला फोन. शेवटी दुपार कलल्यावर लॉकबॉक्सचा (दारावरच्या किल्लीच्या पेटीचा) कोड मेसेजमध्ये आला. सासूबाईंच्या पायाला मुंग्या, उतरताच येईना!

लिहा तुमचंही.

पल्लवी_एडिसन
जर्सीत आमच्या क्लोजिंगला वकिलाच्या टेबलावरच किल्ली मिळाली बाई. सकाळी घर बघून आलो, सह्या, पैसे, किल्ली, गॅरेजचा रिमोट. डीड काउंटीत मागाहून गेलं. तुमच्याकडे फारच सोवळं.

कट्टर_ठाणेकर
तुम्ही दिवस मोजताय होय! करार नोंदवला तेव्हा मुलगी पोटात होती. इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा) हातात, हप्ते चालू, किल्ली मिळाली ती बालवाडीत जायला लागल्यावर. मधे बिल्डर म्हणे फर्निचरसाठी ताबा घेऊन टाका, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) येईल मागून. बायको म्हणाली, आधी ओसी दाखवा. शेजारच्या विंगमधल्यांनी घेतला ताबा, ते ओसीविना अजून पाण्याच्या टँकरवर आहेत.

वकीलीणबाई
@ठाणेकर, उशिराचं व्याज मागितलंत का? रेरा (घर घेणाऱ्यांसाठीचा कायदा) कलम १८. आणि बाकीच्यांसाठी, ओसी आल्यावर दोन महिन्यांत ताबा घेणं हे आपलंही काम आहे, कलम १९.

कट्टर_ठाणेकर
मागितलं तर. बिल्डर म्हणाला, त्यापेक्षा किचन ट्रॉली बसवून देतो.

वकीलीणबाई
😂 घेतल्या नाहीत ना?

कट्टर_ठाणेकर
बायकोला विचारून सांगतो.

निगडीकर
आमचा रीसेल. निबंधक कार्यालयात फोटो झाले, अंगठे झाले, पण बँकेचा डीडी हातात पडेपर्यंत मालकांनी किल्ली खिशातून काढली नाही. त्यांचंही बरोबरच आहे म्हणा. घर उघडलं तर एकेक बल्ब काढून नेलेला, नुसते होल्डर लोंबतायत. जुडग्यात 'माळा' अशी चिठ्ठी लावलेली किल्ली. आमच्या फ्लॅटला माळाच नाही! अजून ठेवलीये.

झुणका_इन_लीड्स
इथे किल्ली एजंटकडे. विकणाऱ्याच्या सॉलिसिटरला पैसे पोचल्याचा फोन आला की देतात. लँड रजिस्ट्रीची नोंद नंतर सावकाश. आमचा शुक्रवार होता. व्हॅनवाला तासावर पैसे घेणारा, आणि आम्ही एजंटच्या दुकानासमोर सँडविच खात बसलेलो. शुक्रवार घेऊ नका, एवढंच सांगते. कुकर ठेवलाय, पळते.

साधा_माणूस
अबोलीताई, गणपती पितळेचा का? आम्हाला इथे टेक्सासात हवा आहे.

अबोली_फ्रीमाँट
पितळेचाच, माहेरून आलेला, चांगला जड आहे. म्हणून तर मुंग्या.

साधा_माणूस
धन्यवाद. किल्लीचं म्हणाल तर आमची पैसे पोचल्यावर मिळाली, पण पत्रपेटीची जुन्या मालकाकडेच राहिली. पोस्टात घराचे कागद दाखवून कुलूप बदलून घेतलं.

रेडमंडची_मैना
आम्हाला रेकॉर्डिंगनंतरही किल्ली नाही! विकणाऱ्यांच्या मुलांची शाळा संपायची होती, म्हणून त्यांनाच भाड्याने राहू दिलं. घर आमचं, हप्ता आमचा, अंगणात बार्बेक्यू त्यांचं. येताजाता गाडी हळू करून बघायचो.

पल्लवी_एडिसन
डिपॉझिट घेतलं होतंस ना गं?

रेडमंडची_मैना
घेतलं होतं. लॉन पार वाळवून ठेवलं, त्यातूनच कापले.